साठ श्वास, शून्य मिनिटं

सव्वासहा वाजले की बाजारातल्या गोदामाच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा उरत नसे. वरच्या मजल्यावर एके काळी कापडाच्या गाठी रचलेल्या असायच्या. आता माणसं रचलेली असायची, तितकीच दाटीवाटीने आणि तितकीच मुकाट. सगळ्यांची तोंडं पश्चिमेच्या भिंतीकडे. तिथे एका उलट्या खोक्यावर पांढरा सदरा घालून श्वासबाबा बसलेले, आणि त्यांच्या डोक्यावर एकच उघडा बल्ब. त्या रविवारी दीडशे माणसं त्या बल्बकडे टक लावून बसली होती, जणू परीक्षेचा निकाल तोच सांगणार होता.

सहा चौतीसला बल्ब विझला.

कुणी ओरडलं नाही, कुणी उठलं नाही. अंधारातून फक्त बाबांचा आवाज आला, जाडसर आणि लाडिक. "आला पाहुणा. बसू दे त्याला. साठ श्वास बसेल, मग मी त्याला उठवीन. घ्या माझ्याबरोबर. एक."

दीडशे छात्या एकदम फुगल्या आणि एकदम खाली गेल्या. दोन. तीन. चार. एखादं मोठं जनावर काळोखात झोपलंय आणि आपण त्याच्या पोटात बसलोय, असा तो आवाज होता. भिंतीवरून उतरायचा, फरशीवरून सरकायचा आणि पायांना लागायचा. चाळिसाव्या श्वासाला बायका डोळे पुसायला लागल्या. पन्नासाव्याला कुणीतरी हुंदका दिला. शेवटचे श्वास बाबा फार लांब ओढायचे. अठ्ठावन्न... एकोणसाठ... आणि साठावा तर संपता संपेना. मग एकाएकी बाबा गरजले, "ऊठ!" आणि बल्ब लागला.

खरोखरच लागला. चार-पाच सेकंदांचासुद्धा उशीर नाही.

मागच्या भिंतीत, पूर्वेला, एक मोठी खिडकी होती. तिला टेकून वीज कार्यालयातली एक कारकून बाई उभी होती. बगलेत कायम नोंदवही, म्हणून सगळं शहर तिला वहीताई म्हणायचं. ती इथे पहिल्यांदाच आली होती, तीही वहिनीने रोज कानीकपाळी ओरडून आणली म्हणून. अंधार झाल्यावर बाकीच्यांनी श्वास मोजले. हिने सवयीने मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. बरोबर चार मिनिटं. हे तिला थोडं विचित्र वाटलं. त्याहून विचित्र दुसरंच होतं. बल्ब जाण्याच्या जरा आधी बाबांनी एवढ्या गर्दीतून नेमकं तिच्याकडे बोट केलं होतं. "खिडकीतल्या ताई, बाजूला व्हा. वारा अडतोय." वारा म्हणाल तर झाडाचं पान हलत नव्हतं. पण सगळ्यांनी माना वळवून पाहिलं, तेव्हा ती निमूट सरकली.

उजेड आल्यावर बाबा पाणी प्यायले आणि त्यांनी पुढचं सुरू केलं. मी येण्याआधी या शहरात अंधार किती बसायचा? आठवड्याला तीस मिनिटं, चाळीस मिनिटं. आणि आता? माझं ऐकू नका, म्हणाले, मी कोण मोठा लागून गेलो. वीज कार्यालयाच्या दारावरचा फळा वाचा. सरळ तीन आठवडे तिथे खडूने काय लिहिलंय?

"शून्य!" दीडशे माणसं म्हणाली.

वहीताईच्या कानशिलांत गरम झालं. ते शून्य तिच्या हातचं होतं.

तिचं काम तसं कुणाच्या लक्षात न येणारं. कुठली लाईन कधी गेली, कधी आली, किती घरं अंधारात बसली, ते वहीत लिहायचं. घरांना मिनिटांनी गुणायचं, शहरातल्या सगळ्या घरांनी भागायचं, आणि दर घरामागे किती मिनिटं वीज गेली तो आकडा सोमवारी सकाळी फळ्यावर मांडायचा. अकरा वर्षांत तिने एक मिनिट इकडचं तिकडे केलं नव्हतं. उपकेंद्रातून साहेबांच्या सहीचा कागद यायचा, त्यावरून ती लिहायची. तीन आठवडे कागद कोरा येत होता, म्हणून तिने तीन आठवडे शून्य लिहिलं होतं. संध्याकाळी लाईट जाते हे वहिनी सांगायची, पण लगेच येते म्हणायची. पाच मिनिटांच्या आत आली तर कार्यालयाच्या भाषेत तो झपका. झपका वहीत जात नाही; नियमच तसा. आणि ती स्वतः सुट्टी न घेता, रविवारीसुद्धा, आठ वाजेपर्यंत कार्यालयात, तिथे बॅटरीवर दिवे. तिने डोळ्यांनी अंधार बघितलाच नव्हता.

मग बाबांनी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. येत्या शनिवारी ज्यांच्या घरी मशीनवर श्वास घेणारं माणूस आहे, त्यांनी ते इथे आणावं. अंधार माझ्या मुठीत आहे, तसा श्वासही. साठ श्वास माझ्याबरोबर घेतील, आणि मशीनचं बटण मी स्वतः बंद करीन. कायमचं.

तिसऱ्या रांगेतून एक हात सगळ्यांच्या आधी वर गेला. तो वहिनीचा होता.

घरी आप्पा, म्हणजे वहीताईचे वडील, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असत. नाकात नळी, पायाशी गुरगुरणारं ऑक्सिजनचं मशीन. सहा वर्षं झाली. भाऊ कामासाठी परगावी. आप्पांचं उठणं-बसणं, औषधं, नळ्या उकळणं, सगळं वहिनी बघायची आणि कधी तोंड वाकडं करायची नाही. लाईट गेली की मशीन किंचाळायचं. मग वहिनी कोपऱ्यातला सिलेंडर ओढायची, नळी बदलायची, खटका फिरवायची. त्या रात्री जेवताना वहीताईचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. फरशीवर सिलेंडरच्या बुडाचा गोल डाग तेवढा होता.

"वहिनी, सिलेंडर कुठाय?"

"दुकानात परत दिला. काल." वहिनीने भाताचा डाव खाली ठेवला. "चार मिनिटं आप्पा काढतात. खिडकी उघडते, पाठ चोळते, तेवढ्यात लाईट येते. सिलेंडर घरात ठेवणं म्हणजे भरवसा नसणं, असं बाबा म्हणतात."

वहीताईचा तोल गेला. ज्या माणसाला अडीच आठवड्यांपूर्वी कुणी ओळखत नव्हतं, त्याच्या शब्दावर तुम्ही माझ्या बापाचा श्वास परत देऊन आलात? असं काहीबाही ती बोलली. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

"ताई, मी इतकी खुळी नाही. बाबांच्या शब्दावर मी काडेपेटीसुद्धा परत दिली नसती. आधी तुमच्या कार्यालयात गेले. फळा वाचला. शून्य मिनिटं. तुमचं अक्षर मी ओळखते. मग सिलेंडर दिला."

मशीन गुरगुरत राहिलं. आप्पांनी हाताने खूण केली, भांडू नका. मग नळी सावरत, तीन-तीन शब्दांचे तुकडे करत म्हणाले, "मला जायचंय शनिवारी. सहा वर्षं या दोरीला बांधलेला आहे. एकदा मोकळा श्वास घेऊन बघू दे, बाळ." वहीताईला त्या क्षणी बाबांची जेवढी चीड आली, तेवढीच स्वतःचीही आली.

सोमवारी सकाळी तिने फळा पुसला, पण लिहिलं काही नाही. खडू तसाच ठेवून ती बाहेर आली, तर कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला शिडी लागलेली. शिडीवर मामा. कुणाचे मामा ते कुणालाच ठाऊक नाही. तीस वर्षं तारांवर चढणारा माणूस, सगळ्या कार्यालयाचा मामा. तोंडात खिळा आणि खिळ्याच्या बाजूने शिव्या. खांबावरच्या पेटीत एक टायमर असतो, तो संध्याकाळी ठरल्या वेळी रस्त्याचे दिवे लावतो. हा तिसरा टायमर, मामा वैतागून सांगत होते, दोन तर मी बदलून टाकले. दर सोमवारी घड्याळाला लावून देतो आणि पुढच्या सोमवारपर्यंत हा मागे पडतो. घरांत दिवे असतात आणि रस्ता काळाकुट्ट. लोक म्हणतात रस्त्याला काहीतरी लागलंय. पोरीबाळी शिकवणीला जायच्या बंद झाल्या.

"किती मागे पडतो?" वहीताईने विचारलं.

"आज बघितलं तर एक तास बावन्न मिनिटं. गेल्या सोमवारीपण तेवढाच. बिघडलेलं घड्याळ इतकं शिस्तीत बिघडतं का कधी?"

"हा टायमर चालतो कशावर?"

"विजेवर. लाईन गेली की थांबतो, आली की..." मामांनी तोंडातला खिळा काढला. शिडीवरून ते हळूहळू खाली उतरले.

एक तास बावन्न म्हणजे एकशेबारा मिनिटं. भागिले सात दिवस, सोळा. रोज सोळा मिनिटं. चार मिनिटांचा झपका, चार वेळा. वहीताईने वहीच्या मागच्या पानावर मांडलं आणि पुन्हा एकदा ताडून पाहिलं. खांबावरचा तो मुका डबा गेले तीन आठवडे प्रत्येक मिनिट मोजत होता. शहरातली एकमेव खरी वही तिथे होती आणि तिला लोक बाधा समजत होते.

मामांना उरलेलं कोडं सोडवायला वेळ लागला नाही. उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर उन्हाळ्यात उकळायला लागलाय, हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी साडेसहाच्या पुढे तासभर त्याला भार झेपत नाही. शहरात लाईनी चार. त्यातली एक बंद ठेवली तर तो तग धरतो. "पण एकच लाईन तासभर बंद ठेवली तर ते तुझ्या वहीत येणार. म्हणून आळीपाळीने. चार मिनिटं स्टेशनची, मग चार बाजाराची, मग टेकडीची, मग गिरण्यांची, की पुन्हा पहिल्यापासून. पाच मिनिटं कुणाचीच भरत नाहीत."

"बाजाराची चालू करून मग टेकडीची बंद करतात?"

"छे! चारही एकदम चालू झाल्या तर संपलंच. आधी टेकडी खाली, मग बाजार वर. मध्ये चार-पाच सेकंद."

वहीताईच्या डोळ्यांसमोर गोदामाची पूर्वेची खिडकी उभी राहिली. त्या खिडकीतून नाल्यापलीकडची टेकडीवरची वस्ती अख्खी दिसते. माणसांची पाठ खिडकीकडे आणि बाबांचं तोंड खिडकीकडे. वारा अडतोय म्हणे!

"आणखी एक सांगतो," मामा शिडी खांद्यावर घेत म्हणाले. "प्रत्येक लाईनीचा ब्रेकर, म्हणजे ती उघडून तोडणारा आणि मिटून जोडणारा मोठा खटका, वर्षातून आठ-दहा वेळा चालायचा. आता रोज चार वेळा चालतोय. बाजाराचा तर मिटताना कुरकुरतो, मी ऐकलंय. एक दिवस उघडेल आणि मिटणार नाही."

ती तडक साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं; वाईट असता तर सोपं झालं असतं. पंख्याखाली बसून त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि हसून म्हणाला, नवा ट्रान्सफॉर्मर यायला महिना आहे, तोवर शहर चालवायचं कसं ते तुम्हीच सांगा. शून्यावर वरून शाबासकी आली आहे. आणि मी खोटं कुठे लिहायला सांगितलं? पाच मिनिटांच्या आतलं धरायचं नाही, हा काही माझा नियम नाही. तारेला फांदी लागते, लाईन क्षणभर जाते, आपोआप येते. त्यासाठीच तो केलाय.

"फांदी रोज सहा चौतीसला लागते का, साहेब?"

साहेब हसायचा थांबला. गोदामात कोण काय करतं याच्याशी कार्यालयाचा संबंध नाही, असं म्हणून त्याने समोरची फाईल ओढली.

आठवडाभर तिने घरी जीव तोडून समजावलं. वहिनी ऐकायची आणि म्हणायची, ताई, हे तुम्ही सांगता. ते शून्यसुद्धा तुम्हीच सांगितलं होतंत. आप्पा नुसते हसायचे. ऑक्सिजनच्या दुकानात सिलेंडर शिल्लक नव्हते. शनिवारी दुपारी एकच आला, तो मामांनी शिड्या वाहायच्या हातगाडीवर घालून गोदामाच्या जिन्याखाली आणून ठेवला.

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर तिप्पट गर्दी होती. खोक्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर आप्पा, इस्त्रीचा सदरा घालून, नव्या जावयासारखे ताठ. दुसरीवर पिठाच्या गिरणीवाल्याची आई, हातात रुमाल घट्ट धरलेला. दोघांच्या पायाशी दोन मशीनं गुरगुरत होती. बाबा आज जास्तच रंगात होते. चौथ्या अंधाराला मी दोन्ही बटणं बंद करीन, म्हणाले. तोवर तिन्ही वेळा श्वास माझ्याशी जुळवून घ्या.

सहा चौतीसला बल्ब गेला, मशीनं किंचाळली. बाबांनी मोजायला सुरुवात केली. मागे वहीताईने खिडकीची दोन्ही लाकडी दारं आवाज न करता लावून घेतली.

चाळीसपर्यंत ठीक गेलं. पुढे बाबांचा आवाज चाचपडायला लागला. बेचाळीस... त्रेचाळीस... प्रत्येक श्वास लांबत चालला, मध्येच कुणाला तरी धापा टाकाव्या लागल्या. "त्रे...पन्न," असं बाबा म्हणत होते तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब कुणाच्याही परवानगीशिवाय लागला. बाबांचं तोंड उघडंच होतं. कुठेतरी एक बाई फिसकन हसली.

"कुणाच्या तरी मनात किंतु आहे," बाबा कपाळ पुसत म्हणाले. "किंतुने मोजणी बिघडते."

सहा पन्नासला पुन्हा अंधार झाला. या वेळी वहीताईने खिडकी सताड उघडली. तिला मोठ्याने बोलायची सवय नव्हती, तरी ती बोलली. "सगळ्यांनी इकडे तोंड करा. श्वास कसाही घ्या, मोजू नका. फक्त ती समोरची टेकडी बघा. टेकडी विझली की आपल्याकडे लागेल."

आधी कुणी हललं नाही. मग लहान मुलं वळली, मग त्यांच्या आया, मग सगळेच. नाल्यापलीकडे टेकडीवरचे दिवे शांत लुकलुकत होते. खोलीत मशीनांचं किंचाळणं तेवढं होतं. चार मिनिटं फार लांब असतात, हे त्या दिवशी पुष्कळांना कळलं. आणि मग कुणीतरी पुसून काढावी तशी अख्खी टेकडी विझली.

"आता," वहीताई म्हणाली.

तीन, चार, पाच. बल्ब लागला.

लोक तिच्याकडे बघत राहिले. तिने भराभर सांगून टाकलं: ट्रान्सफॉर्मर, चार लाईनी, आळीपाळी, खिडकी, खांबावरचा टायमर, आणि पाच मिनिटांच्या आतलं लिहायचं नाही हा नियम. सगळ्यात शेवटी, जे सांगायला सर्वांत जड होतं ते. "फळ्यावरचं शून्य माझं आहे. ते खोटं आहे. तीन आठवड्यांच्या वर झाले, रोज सोळा मिनिटं तुमची वीज जाते आणि मी ती लिहिली नाही. या माणसाने जादू केली नाही. आम्ही लपवलं, त्याने ते विकलं."

बाबा काही कच्चे नव्हते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, माझ्या सहवासात या ताईंनासुद्धा सिद्धी आली!" असं म्हणून त्यांनी तिला जागच्या जागी शिष्य करून टाकलं. अर्धे लोक हसले, पण अर्धे हसले नाहीत. वहिनी दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये उभी होती आणि एकदा खिडकीकडे, एकदा बल्बकडे बघत होती.

सात वाजून सहा मिनिटांनी तिसरा अंधार झाला. आता मोजायला कुणी थांबलं नाही. सगळेच खिडकीकडे वळले. चार मिनिटांनी टेकडी विझली. तीन, चार, पाच.

बल्ब लागला नाही.

दहा. वीस. कुणीतरी म्हणालं, येईल. टेकडी काळी, बाजार काळा. मागून बाबांनी आपणहून मोजायला घेतलं, एकसष्ट, बासष्ट, आणि बरीच माणसं सवयीने पुन्हा त्या आवाजाला लागली. पुन्हा ते जनावर काळोखात श्वास घ्यायला लागलं, पण या वेळी ते धापा टाकत होतं. चार मिनिटांनी टेकडी उजळली. नाल्यापलीकडे लोकांच्या स्वयंपाकघरांत दिवे दिसत होते. इकडे काही नाही. चौऱ्याहत्तराव्या आकड्याच्या पुढे बाबांचा आवाज ऐकू आलाच नव्हता, हे तेव्हा कुठे लक्षात आलं. मामांनी बॅटरीचा झोत टाकला तर खोकं रिकामं होतं आणि मागच्या जिन्याचं दार उघडं. पाहुणा बसून राहिला, यजमान तेवढे उठून गेले.

"ब्रेकर मिटला नाही," मामा वहीताईच्या कानाशी म्हणाले. बॅटरी तिच्या हातात देऊन ते उपकेंद्राकडे पळाले. जाताना त्यांनी चार गड्यांना हाताशी धरून सिलेंडर वर पाठवला.

सिलेंडर एक आणि खुर्च्या दोन. बॅटरीच्या झोतात आप्पांचे ओठ करडे दिसत होते. गिरणीवाल्याच्या आईची मान एका बाजूला कलली होती. गिरणीवाला डॉक्टरांना आणायला धावला, पण जिन्यात माणसांचा बूच बसला होता. वहीताईने खटका उघडला, नळी आप्पांच्या नाकाशी नेली, आणि तिचा हात तिथेच थांबला. ही नळी शेजारच्या खुर्चीकडे कधी न्यायची, ते तिला ठरवता येईना. आकडेमोड हेच जिचं आयुष्य, तिला त्या घडीला एक साधा भागाकार जमेना.

नळी वहिनीने घेतली. "साठ श्वास आप्पांना," ती म्हणाली, "साठ त्यांना. मी मोजते." आणि ती मोजायला लागली. तिच्या आवाजात जाडसरपणा नव्हता की लाडिकपणा नव्हता. दूध मोजावं तसं ती मोजत होती. साठ झाले की नळी पुसायची, दुसऱ्या नाकाशी धरायची, पुन्हा एकपासून. तिकडे जिन्यात दोन माणसं जातील एवढी वाट मोकळी करायला लोकांनी अर्धा तास लावला. डॉक्टर आले. जिन्यावरून खुर्च्या उतरवता येईनात, म्हणून तेही वरच थांबले आणि नाडी धरून बसले. आठ वाजून एकोणपन्नास मिनिटांनी मामांनी दुसरीकडून जोड देऊन बाजाराची लाईन आणली. एकशेतीन मिनिटं. वहिनीचा घसा बसला होता, तरी ती उजेडातसुद्धा मोजतच होती. वहीताईने तिचा हात धरला तेव्हा ती थांबली.

आप्पा वाचले. गिरणीवाल्याची आई अकरा दिवस इस्पितळात होती. घरी आली, पण मुलाला ओळखायला तिला वेळ लागतो. हे कुणाच्या श्वासाच्या हिशेबात धरायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सोमवारी साहेबाचा कागद आला. शनिवार हा असाधारण आपत्तीचा दिवस असल्याने नेहमीच्या आकड्यात धरू नये. तशी नियमात सोय आहे. बाकी आठवडा, व्यत्यय नाही. म्हणजे पुन्हा शून्य. वहीताईने कागदाची घडी करून वहीत ठेवली, बाहेर येऊन खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: बाजार लाईन. शुक्रवारपर्यंत सव्वीस दिवस, रोज सोळा मिनिटं, चारशे सोळा. शनिवारी चार, चार आणि एकशेतीन मिळून एकशे अकरा. एकूण पाचशे सत्तावीस मिनिटं. त्याखाली तिने सही केली. साहेब दारात येऊन उभा राहिला, पण रस्त्यावर तोवर एवढी माणसं जमली होती की त्याला फळा पुसणं जमलं नाही. तिची नोकरी राहील की जाईल, हे अजून ठरायचं आहे.

तर मंडळी, श्वासबाबा गेला. दुसऱ्या एखाद्या गावात कुठल्यातरी खिडकीसमोर खोकं मांडून बसला असेल. त्याला पकडायला पोलीस लागतील, पण त्याचं दुकान बंद करायला एक घड्याळ आणि एक पेन्सिल पुरते. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या तोंडाकडे बघू नका, तो कुठे बघतोय ते बघा. आणि कुणी आकडा दाखवला, मग तो कितीही मोठ्या कार्यालयाचा असो, तर विचारा की यात काय धरलं नाही. विचारण्यात अपमान नाही कुणाचा. न विचारल्याने काय होतं ते त्या दोन खुर्च्यांनी पाहिलंय.

वहीताईच्या घरी आता कोपऱ्यात सिलेंडर परत आला आहे. स्वयंपाकघराच्या दाराला दोरीने एक वही टांगली आहे आणि तिच्यावर भिंतीवरचं घड्याळ. वहीत दोन रकाने: गेली, आली. गल्लीतल्या बावीस घरांत आता अशी वही आहे, आणि रविवारी सगळ्या वह्या जुळवून बघतात.

काल संध्याकाळी मशीन किंचाळलं. वहिनीने हात पुसले, सिलेंडर ओढला, नळी आप्पांच्या नाकाला लावली आणि खटका फिरवला. मग बॅटरीच्या उजेडात पहिल्या रकान्यात लिहिलं: सहा चौतीस. खिडकीतून टेकडी दिसत होती, आणि चार मिनिटांनी ती विझली. वहिनी पेन्सिल हातात धरून दाराशी उभी राहिली. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. दुसरा रकाना अजून कोरा होता.